उपाशी म्हशीला घोळीत सोडत नाहीत

घोळ कुणी पेरत नाही. मिरचीच्या वाफ्यात, भुईमुगाच्या सरीत, पाटाच्या कडेला ती आपोआप पसरते. लालसर रसरशीत दांडे, जाड गुळगुळीत पानं, नखाएवढी पिवळी फुलं. आमच्या कंग्राळीत भांगलायला आलेल्या बायका बाकीचं तण बांधावर फेकतात आणि घोळ तेवढी ओट्यात घेतात. माझी आई ती डाळ आणि ताक घालून करायची. आंबटसर, थोडी बुळबुळीत, वर लसणाची फोडणी. सगळ्या घराला एक पातेलं, तेही कधीमधी.

या घोळीमुळे माझ्या किडन्या गेल्या असं मी सांगतो तेव्हा गावातले लोक हसतात. "रानभाजी खाऊन कुणाला काय होतंय व्हय?" म्हणतात. मी भाजीला दोष देत नाही. दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्यात मात्र माझे बरेच महिने गेले, आणि दोष देण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

माझा धंदा म्हशींचा. दुसऱ्याच्या म्हशींचे कासरे धरून मी बाजार शिकलो. दात बघून वय सांगतो, चाल बघून रोग सांगतो. आमच्यात अजूनही भाव तोंडाने ठरत नाही. टॉवेल टाकायचा, त्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी डावखुरा आहे, लिहितो-जेवतो डाव्या हाताने. पण टॉवेलखाली डावा हात चालत नाही, तिथे उजवाच द्यावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

गेल्या श्रावणात माझ्या तळपायांची आग व्हायला लागली. साखर काठावर आहे असं एका तपासणीत निघालं होतं. निपाणीच्या बाजारात एकाने सांगितलं, घोळीचा रस घे, अंगातली उष्णता जाते, लघवी साफ होते. त्याने दोन चमचे सांगितले होते. मी तांब्याभर घ्यायला लागलो. धंद्यातली सवय: चांगली चीज सापडली की थोडी घ्यायची नाही, अख्खी दावणच उचलायची.

माझी बायको शालन रोज सकाळी रानातून पाटीभर घोळ आणायची, तीन पाण्यांनी धुवायची, मिक्सरला लावायची, फडक्यातून पिळायची. मी सकाळी उपाशीपोटी एक तांब्या आणि संध्याकाळी एक तांब्या घ्यायचो. पायांची आग खरोखरच कमी झाल्यासारखी वाटली. मी बाजारात दहा जणांना सांगितलं.

गणपती बसले तेव्हा मला मोदकाचा वासही सहन होईना. तोंडाला लोखंडाची चव. विसर्जनापर्यंत पाय सुजले, चप्पल चढेना. लघवी दिवसातून एकदा, चहाच्या कपाएवढी. जिना चढताना मध्ये बसावं लागलं, तेव्हा शालन म्हणाली, "आता मी इचारत न्हाय तुम्हांस्नी. रिक्षा बोलावलीया."

*

बेळगावातल्या त्या दवाखान्यात रक्त घेतलं आणि दोन तास बसवून ठेवलं. मग किडनीच्या डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण बाई, धारवाडकडच्या, मराठी तोडकं पण स्वच्छ. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला, एका आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "दोन्ही किडनी काम थांबवलेत. आज डायलिसिस करावं लागतं."

"उद्या येतो," मी म्हणालो.

"उद्या तुम्ही चालत येणार नाही."

मी आयुष्यभर समोरच्याचा चेहरा बघून ओळखत आलो की हा किती खाली येईल. या बाईच्या चेहऱ्यावर खाली यायची जागाच नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यांनी विचारलं, "काही औषध चालू आहे? दुखण्याच्या गोळ्या? गावठी, झाडपाला?"

"न्हाय."

"नीट आठवा."

"न्हाय म्हटलं न्हवं!"

मी खोटं बोललो नाही. माझ्या मते मी औषध घेत नव्हतो. घोळ ही भाजी आहे. मेथीला कुणी झाडपाला म्हणतं का? शालन शेजारीच उभी होती. तिच्याही मनात आलं नाही.

मानेत नळी घातली. सहीला जो कागद दिला तो कानडीत आणि इंग्रजीत होता. बाजाराच्या पावतीपुरती कानडी मला येते, या कागदापुरती येत नव्हती. महादेवी नावाच्या सिस्टर होत्या, गोकाककडच्या. त्यांनी सगळा कागद मला मराठीत वाचून दाखवला, बोट ठेवून, ओळीओळीने. घाई केली नाही. त्या दिवसात कुणी माझ्यासाठी केलेली ही एकच गोष्ट मला नीट आठवते.

*

किडन्या अशा अचानक बसल्या तर कधीकधी परत उठतात, असं डॉक्टर म्हणाल्या. तीन महिने वाट बघू. उठल्या तर मशीन सुटेल. नाही उठल्या तर हाताची शीर जोडून मशीनच्या सुयांसाठी कायमची वाट करावी लागेल.

"कुठल्या हाताची?"

"ज्या हाताने लिहीत नाही त्या."

म्हणजे उजवा. मला तीन महिने मिळाले होते, आणि उजवा हात वाचवायचा होता. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. आत बारा खाटा. प्रत्येकाच्या बाजूला मशीन, नळीतून आपलं रक्त बाहेर जाताना दिसतं आणि परत येताना दिसतं. पहिल्या दिवशी मला दावणीची आठवण झाली. सगळे एका रांगेत, सगळे एकाच दिशेला तोंड करून. कुणाच्या पायात गोळे येतात, कुणाला उलटी. समोरच्या खाटेवरचे एक मास्तर रोज सुपारीएवढा बर्फाचा खडा तोंडात धरून अर्धा तास पुरवायचे, कारण पाणी मोजून. एका सोमवारी ते आले नाहीत. शुक्रवारी त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी होतं. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी तिथेही घासाघीस केली. तीनऐवजी दोनदा येतो म्हणालो. डॉक्टर म्हणाल्या, "हा बाजार नाही." मी एक खेप मुद्दाम चुकवली. दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना, आडवं होता येईना, बसूनच रात्र काढली आणि सकाळी शालनने आणून टाकलं. किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायचा होता, त्यालाही मी नकार दिला. म्हशीच्या अंगालाही मी उगाच सुई लावू देत नाही, असं मोठ्याने सांगितलं. बाकीचे पेशंट हसले. मला वाटलं, मी जिंकलो.

आणि या सगळ्या दिवसांत घोळीचा रस चालू होता.

हो. स्टीलच्या बाटलीतून. घरी सकाळ-संध्याकाळ, डायलिसिसच्या दिवशी खाटेवर. आता तर किडनीचाच आजार, मग किडनी धुणारी चीज जास्तच हवी, असा आमचा दोघांचा हिशेब. पाणी मोजून प्यायचं होतं. पण रस म्हणजे पाणी नव्हे. डॉक्टर दर वेळी रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालायच्या. "पोटॅशियम एवढं वर का राहतं? केळी खाता? नारळपाणी?" मी देवाची शपथ घेऊन सांगायचो, केळं शिवलं नाही. त्यांना वाटायचं मी खोटारडा. मला वाटायचं यांना काही येत नाही. असे पाच आठवडे गेले.

*

आता माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं. आक्का येळ्ळूरला दिलेली. सात वर्षं आम्ही बोलत नव्हतो. तिच्या मुलीच्या लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचा मान माझा, सख्ख्या मामाचा. तो मान तिने चुलतभावाला दिला. मी मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडल्या होत्या. मी जेवलो नाही, आहेराचं पातेलं दारात ठेवलं आणि फिरलो. त्यानंतर तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. ती दोनदा आली, मी दोन्ही वेळा मागच्या दाराने बाहेर गेलो.

दिवाळीनंतर एका सकाळी मी मशीनवर होतो. मागच्या दाराने जायची सोय नव्हती. मानेत नळी. आक्का पिशवी घेऊन आत आली. मी भिंतीकडे तोंड केलं.

"बोलू नको," ती म्हणाली. "मी बी बोलाय आलो न्हाय. बघाय आलोय."

ती स्टुलावर बसली. शालन तिला काय-काय झालं ते हळू आवाजात सांगत होती. मग बाटलीच्या झाकणाचा आवाज आला.

"हे काय गं हिरवं?"

"घोळीचा रस हाय, आक्का. किडनी धुऊन निघती म्हणत्यात."

"कच्चा?"

"व्हय."

"ताक न्हाय? डाळ न्हाय? उकडून पाणी काढलं न्हाईस?"

"औषधाला कोण ताक घालतंय?" मी भिंतीकडे बघतच म्हणालो. सात वर्षांनी आक्काशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"उपाशीपोटी पितोस?"

"सकाळ-संध्याकाळ."

तिने बाटली खाली ठेवली. मग ती म्हणाली, "म्हशींचा व्यापारी न्हवं तू? उपाशी म्हशीला घोळीत सोडतोस व्हय रं?"

मी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं.

हे मला माहीत होतं. बाबांच्या वेळची गोष्ट. बाजारातून दिवसभर उपाशी चालत आणलेली म्हैस रस्त्याकडेच्या पडीक रानात शिरली आणि घोळीवर तुटून पडली. घरी पोचेस्तोवर तिचे पाय लटपटायला लागले, दुसऱ्या दिवशी उठली नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम: आधी कडबा, मग हिरवं, आणि उपाशी जनावराला घोळीच्या रानात सोडायचं नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांना हे सांगत आलोय. गाभण म्हैस विकताना नव्या मालकाच्या हातावर हात मारून सांगितलंय. म्हशीबद्दल माहीत असलेलं मला स्वतःबद्दल कधी सुचलं नाही.

महादेवी सिस्टर नळी बघायला आल्या होत्या. त्यांनी बाटलीत वाकून बघितलं, वास घेतला. "गोणी सोप्पु?" त्यांनी घोळीचं कानडी नाव घेतलं. "आमची अज्जी पण ताक घालूनच करायची. अण्णा, हे तुम्ही रोज पिता?" त्यांनी बाटली उचलली आणि डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर आल्या त्या जवळजवळ पळत. "मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुम्ही औषध इचारलंत," मी ओरडलो. "ही भाजी हाय! भाजी खाता का म्हणून इचारलंत का कधी?"

बारा खाटांवरची माणसं माना वळवून बघत होती. आक्का म्हणाली, "ओरडू नको. नळी निघंल."

या वेळी मी सुईला हो म्हणालो. तुकड्यात स्फटिक निघाले, काचेच्या चुऱ्यासारखे, किडनीच्या बारीक नळ्यांत अडकलेले. डॉक्टरांनी समजावलं: या भाजीत एक क्षार असतो. डाळ-ताकाबरोबर, थोडी, शिजवून खाल्ली तर तो ताकातल्या चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, बांधला जाऊन बराचसा पोटातूनच निघून जातो. कच्चा रस, एवढा, रिकाम्या पोटी, तर तो रक्तात आणि तिथून किडनीत. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला फक्त भाजी करता येत होती.

"पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली. "शक्यता चांगली होती," असं मग म्हणाल्या.

*

त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी शालनला म्हणालो, "तूच पाजलंस मला."

हे वाक्य मी लपवू शकलो असतो. पण आजारपणाबद्दल खरं लिहायचं तर हेच सगळ्यात वाईट होतं. मानेतल्या नळीपेक्षा वाईट. घरी जाऊन शालनने मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलं. ते आजही पालथं आहे. चटणी पाट्यावर वाटते. मी दोनदा माफी मागितली. ती म्हणते, "जाऊ द्या." भांडं काही सुलटं होत नाही.

रस बंद झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात लघवी वाढली. मोजायच्या बाटलीत रोज कितव्या खुणेपर्यंत, ते शालन कॅलेंडरवर लिहायची. पोटॅशियम उतरलं. तीनऐवजी दोनदा मशीन, तेही डॉक्टरांनीच सांगितलं. मी बाजारात निरोप धाडला, गुढीपाडव्याला येतोय, मोकळ्या मानेने येतोय. आक्का दर बुधवारी यायची आणि भिजवून पाणी काढलेल्या दुधीची बेचव भाजी द्यायची. मी खायचो. आम्ही लग्नाचं काही बोलायचो नाही.

मग आकडा थांबला. एक आठवडा तिथेच, दुसरा आठवडा तिथेच. कॅलेंडरवरची शालनची अक्षरं त्याच खुणेवर. तीन महिने झाले, वर आणखी दोन आठवडे मी मागून घेतले, आणि डॉक्टरांनी ते दिले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्यांना सौद्यात अजून काही हाती लागेल असं वाटतं, ते इतक्या सहज देत नाहीत.

"बहुतेक एवढंच," त्या म्हणाल्या.

उजव्या मनगटाजवळची शीर जोडली. टाके सुकल्यावर तिथे हात लावला तर आत सतत घरघर जाणवते. झोपताना हात उशाखाली गेला की कानाला ऐकू येते. मला तिची किळस वाटायची. आक्काने एका बुधवारी माझं मनगट स्वतःच्या कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"म्हैस रवंथ करतीया तसं वाजतंय," ती म्हणाली. "वाजू दे. थांबलं तर भ्यायचं."

*

तुम्ही नव्याने या रांगेत आला असाल तर माझ्याकडे सांगायला फार नाही. डॉक्टर औषध विचारतील तेव्हा भाजी, रस, काढा, शेजारणीने दिलेली पुडी, सगळं सांगा. त्यांनी विचारलं नसेल तरी सांगा. मी अजूनही म्हणतो की त्यांनी वेगळ्या शब्दांत विचारायला हवं होतं. पण किडनी माझी गेली, त्यांची नव्हे. तपासणीवर घासाघीस करू नका. तुम्हाला खायला-प्यायला घालणाऱ्या माणसाला दोष देण्याआधी तोंड मिटा. घोळ खाऊ नका असं मी म्हणत नाही. धडधाकट असाल तर खा. आई करायची तशी, तेवढीच. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उन्हाळ्यात मी निपाणीच्या बाजारात गेलो. माझ्याकडे विकायला एक म्हैस होती, दुसऱ्या वेताची, चांगली. गडहिंग्लजकडचे एक म्हातारे आप्पा, माझे जुने गिऱ्हाईक, बोटाला बोट झिजवून भाव पाडणारा माणूस. मी टॉवेल टाकला, उजवा हात आत घातला, माझा भाव दाबला. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर आला आणि थांबला.

"काय वाजतंय रं हे आत?"

"मशीनची शीर हाय, आप्पा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टॉवेलखाली त्यांनी माझीच बोटं, मी मागितली तेवढीच, मला परत दाबून दिली. एक बोट कमी केलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी हात काढून घेतला. "म्हस इकायची न्हाय."

"अरं, तुझा भाव दिला न्हवं!"

"म्हणूनच."

म्हैस घेऊन मी टेम्पोत बसलो. घरी न जाता येळ्ळूरला गेलो. आक्का परड्यात भांगलत होती. बांधाला घोळ माजली होती, तिने ती उपटलेली नव्हती. मला बघून तिने विळा ठेवला आणि म्हशीकडे बघितलं. मी पायरीवर बसलो. सात वर्षं डोक्यात घोळवलेलं वाक्य बाहेर आलं.

"धा मिनटं थांबायला काय झालतं तुला?"

"भटजीनं तीनदा पोरीला बोलावलं. तीनदा फोन लावला तुला," ती म्हणाली. "तू बाजारात म्हशीचा भाव करत हुतास."

ते खरं होतं. फोन वाजलेला मला आठवत होता. हात टॉवेलखाली होता म्हणून घेतला नव्हता. तरी मला अजून वाटतं, तिने थांबायला हवं होतं. हे मी तिला सांगितलंही.

"बरं," ती म्हणाली. "ताक घेतोस?"

तिने वाटी आणली. अर्धी भरलेली. माझ्या दिवसभराच्या पाण्यातून तेवढंच शिल्लक होतं. एका वेळी अर्धी वाटीच, असं शालनने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते तीन घोटांत संपवलं आणि वाटी पुढे केली.

"आणि दे."

"न्हाय."

मी वाटी खाली ठेवली. भाव केला नाही.